बशीखालचा चहा

बाई कपावर बशी झाकून ठेवायच्या. चहा समोर असायचा, पण मिळायचा नाही. "आधी विचारा, भाऊ. मंग चहा. खरं सांगू का तुमच्या मनासारखं?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या दारात शिरण्याआधी आपण शर्टाची बटणं चाचपतो. सिंदी मेघे गावातल्या या बाई तशा होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

नव्वदचं दशक सरत होतं. मी नोकरीला होतो त्या दवाखान्यात गुडघ्यांच्या झिजेवर एक नवीन इंजेक्शन तपासणं चाललं होतं. ज्यांना ते दिलं, त्यांच्या घरी जाऊन "शून्य ते दहात दुखणं किती?" हे विचारायचं काम माझं. बाईंनी ते दोन्ही गुडघ्यांत घेतलं होतं. त्यांना एकच हवं होतं: रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांसारखं खाली बसायचं. गुडघे दुमडत नव्हते, म्हणून त्या मागे भिंतीशी एकट्याच खुर्चीवर बसत.

"सारे खाली अन् मी वरती," त्या म्हणत. "शाळा तपासाले आल्यावानी वाटते."

बाकी घरांतून मला चांगल्याच बातम्या मिळत होत्या. आठ सांगणारे दोन सांगू लागले होते. मोठे डॉक्टर खूश होते. बाई मात्र सातावरून हलेनात.

शेवटी मी म्हणालो, "बाई, जरा आठवून पहा ना. थोडं तरी कमी असेल."

"असतं त मी खाली नसती बसली? बाकीच्यायच्या घरी तुम्ही चहा कवा घेता?"

"गेल्या गेल्या."

"मंग झालं. दवाखान्याचा माणूस एवढ्या उन्हात आला, चटईवर बसला, चहा प्याला. फायदा नाई, असं त्याच्या तोंडावर कोन सांगन? चहा पाजल्यावर मी बी नाई सांगणार. म्हणून त बशी झाकतो आपण." मग थांबून म्हणाल्या, "अन् किती दुखते ते नका विचारू. जेवाले कुठं बसता, ते विचारा."

आष्टीकडच्या एका आजोबांनी नेहमीप्रमाणे "लय आराम हाय" म्हटलं. जेवायला कुठे बसता, असं विचारल्यावर ते नुसतेच हसले. "खाटेवर," आतून सून म्हणाली. "खाली बसले त उठवाले दोघं लागते." पुढच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच ऐकलं.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना नव्याने विचारायला लावलं आणि इंजेक्शनाचा फारसा उपयोग नाही, हे उघड झालं. ते बंद झाल्याचं सांगायला मी बाईंकडे गेलो. त्या दिवशी विचारायचं काहीच नव्हतं, तरी कपावर बशी होतीच.

"म्हणजे खाली बसणं नाई आता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बशी उचलली. "प्या. थंडा होईन."

दवाखान्यातल्या सभेत डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. याने आम्हाला विचारायला शिकवलं, म्हणाले. टाळ्या वाजल्या, पण बाईंचं नाव मी घेतलं नाही. ती अक्कल बाईंची होती. हे लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. माझ्या आईच्या "बरी आहे"वर मी थांबलो नाही आणि तिचा आजार वेळेत कळला, तोही बाईंमुळेच.

पुढे बाई मांडीचे व्यायाम करू लागल्या. पाय सरळ उचलायचा आणि पाढा संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. विहारात त्या काठीशिवाय चालत जाऊ लागल्या, पण खाली बसणं जमलं नाही ते नाहीच. मग त्यांनी खाली बसलेल्यांना विचारायला सुरुवात केली, "काऊन सोसून राह्यली वो? तथागताले तुह्या गुडघ्याचं दुखणं पाह्यजे का?" हळूहळू भिंतीशी खुर्च्यांची रांग झाली.

बाई गेल्या तेव्हा पुण्यानुमोदनाला मी विहारात गेलो. त्यांच्या फोटोसमोर खुर्चीवर बसणं बरं दिसेना, म्हणून अगदी पुढे चटईवर मांडी घातली. वंदना अर्ध्यावर आली तोवर माझे गुडघे बोलू लागले. शेजारचा माणूस वाकून हळूच म्हणाला, "काका, दुखते का?"

"नाही, बरं आहे," असं ओठांवर आलं होतं.

"दुखतं," मी म्हणालो. त्याने हात दिला. मी उठलो आणि मागे खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसलो.