मी दिलेलं शून्य

म्हैसूरच्या विद्यापीठात मी समाजशास्त्र शिकवते. निवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे हल्ली समोरच्या वर्गापेक्षा जुने वर्ग जास्त आठवतात. त्यातल्या एकाची आठवण काढताना अजूनही ओशाळायला होतं, आणि तरी तोच वर्ग पुन्हा मिळावा असं वाटतं.

म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे गावाच्या पलीकडे, जंगलाकाठच्या आदिवासी पाड्यातून एक मुलगी एम. ए.ला आली होती. घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मध काढणारे. घरी त्यांची स्वतःची बोली, शाळेत कन्नड, आणि आमच्याकडे एकदम इंग्रजी. ती मागे बसायची आणि माझं प्रत्येक वाक्य लिहून घ्यायची.

सत्राअखेर निबंध होता, ‘माझ्या समाजाचं ज्ञान’. इंग्रजीतच लिहायचा. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारं एक सॉफ्टवेअर विभागाने नुकतंच घेतलं होतं. त्याने तिच्या निबंधावर लाल खूण केली. इंग्रजी खरंच फार गुळगुळीत होतं. मी जास्त विचार न करता शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“मॅडम, मी कुणाचं चोरलं नाही.”

“मग हे इंग्रजी तुझं आहे?”

“नाही. मी कन्नडात लिहिलं. मग फोनवरच्या एआयला इंग्रजी करायला सांगितलं. मला तेवढं येत नाही, मॅडम.”

तिने वही माझ्यासमोर ठेवली. सोळा पानं, भरपूर खाडाखोड. पोळ्याचा कुठला भाग माश्यांसाठी सोडायचा, कुठल्या फुलोऱ्यात मध कडू होतो, चढणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाच्याच हातात का देतात, सगळं त्यात होतं. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. ‘झाडाला विचारून चढतात’ असं तिने लिहिलं होतं. यंत्राने इंग्रजीत त्याचं ‘झाडाची तपासणी करून’ केलं होतं.

“हे बदललेलं तुला दिसलं नाही?”

“दिसलं. वाटलं, इंग्रजीत असंच म्हणत असतील.”

मला माझी स्वतःची मराठी आठवली. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून म्हैसूरच्या राजांच्या फौजेत आले. घरी आमची मराठी अर्धी कन्नड. महाराष्ट्रातून नोकरीला आलेले सहकारी ती ऐकून हसायचे. वाईट हेतू नसायचा त्यांचा, पण त्यांच्यासमोर मी हळूहळू मराठी बोलायचीच सोडून दिली. आणि आता या मुलीला मी काय केलं होतं? त्याच वर्गातली इंग्रजी शाळांतून आलेली मुलं तेच यंत्र वापरून सफाईदार लिहीत, ते सॉफ्टवेअरला कळत नसे. मला मात्र ठाऊक होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. “शून्य देण्यात माझी चूक झाली, सर.”

“तिला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील.”

“मागू देत. सगळ्यांनाच देऊ. आपापल्या भाषेत लिहा, नि वर्गासमोर येऊन सांगा.”

त्यांनी सत्राचं वेळापत्रक पुढे ओढून पाहिलं. मग म्हणाले, “तुमच्या पेपरपुरतं. एकच सत्र.”

तिची पाळी आली तेव्हा मी आधी वर्गासमोर तिची माफी मागितली. ती लाजून खाली बघत राहिली. मग कन्नडात बोलू लागली, आणि पाचेक मिनिटांत तिचे हात झाडावर चढायला लागले. मुलं पुढे सरकून बसली. एकाने विचारलं, “चढण्याआधी गाणं म्हणतात असं म्हणालीस ना? म्हण की, मी रेकॉर्ड करतो.”

“नको,” ती म्हणाली. “ते चढणाऱ्याचं आहे. फोनमध्ये गेलं की यंत्र ते कुणालाही म्हणून दाखवेल.”

त्याने फोन खिशात ठेवला.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. आता ती तिच्याच भागातल्या आश्रमशाळेत शिकवते. एका सत्राची ती परवानगी मी अर्ज करकरून दर वर्षी वाढवून घेतली. माझ्यानंतर हा पेपर शिकवणार असलेल्या तरुण प्राध्यापिकेला परवा सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, “सगळ्या भाषा मला कशा कळतील?”

“मलाही कळत नाहीत,” मी म्हटलं. “मुलांना विचारायचं.”