चार वाजता माथ्यावर

आमच्या शेजारच्या आयरिश आजींनी त्यांच्या गावाकडचा ट्रेल मला इतक्या वेळा सांगितला होता की, डोळे बांधून तिथे सोडलं असतं तरी मी तो चालून दाखवला असता. निदान मी तसं छातीठोकपणे सांगायचे. घराच्या फाटकातून निघायचं, मेंढ्यांचं कुरण ओलांडायचं, दगडी बांधावरच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं. मग जंगल. तिथली जमीन बारा महिने ओली, म्हणून दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या. जंगल संपलं की तळं, तळ्याला अर्धा वळसा घातला की टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर दगडांची रास. वर पोहोचलेल्याने त्या राशीवर आपला एक दगड ठेवायचा.

हे सगळं मी ऐकलं ते ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या घराच्या कुंपणावरून, पहिल्या लाटेच्या लॉकडाऊनमध्ये. मी युनिव्हर्सिटीची लेक्चर्स झोपायच्या खोलीत बसून घेत होते. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यामुळे आम्ही कुणाच्या फार जवळ जात नव्हतो. आजी त्र्याहत्तर वर्षांच्या आणि एकट्या. संध्याकाळी त्या त्यांच्या बाजूला खुर्ची टाकायच्या, मी माझ्या बाजूला. त्या त्यांची टेकडी सांगायच्या, मी माझा सह्याद्री. त्यांची टेकडी आमच्या एखाद्या गडाच्या निम्म्यानेही नसणार, पण हे मी कधी तोंडावर बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

दरवर्षी जूनमध्ये त्यांच्या थोरल्या बहिणीचा वाढदिवस असे आणि त्या दिवशी दोघी बहिणी हा ट्रेल चालत. गेली कित्येक वर्षं आजी त्यासाठी विमानाने जात होत्या. या वर्षी सीमा बंद. परवानगीशिवाय देशाबाहेर पडता येत नव्हतं आणि टेकडी चढायची आहे या कारणासाठी परवानगी कोण देणार? त्यातच एप्रिलमध्ये बहिणीला कोविड झाला. दोन आठवडे हॉस्पिटलात काढून ती घरी आली आणि फोनवर म्हणाली, वाढदिवसाला मी वर जाणारच. मग दोघींचं ठरलं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे चार. त्या वेळी तिने तिच्या टेकडीच्या माथ्यावर असायचं, आजींनी इथल्या कुठल्यातरी माथ्यावर, आणि आजींनी तिला व्हिडिओ कॉल करायचा.

"ती वर दिसली की मला कळेल ती बरी झाली," आजी म्हणाल्या. "आणि मी वर दिसले की तिला वाटेल, यंदाही मी आले. फक्त माझ्याकडे टेकडी नाही."

इथे माझ्या अंगात आलं. टेकडी मी शोधते, असं मी त्यांना सांगितलं. पाच संध्याकाळी लॅपटॉपवर नकाशे उघडून बसले. मला नुसती टेकडी नको होती. जंगल, तळं, टेकडी याच क्रमाने हवं होतं. शेवटी गावापासून तासाभराच्या ड्राइव्हवर तसा ट्रेल सापडला. तळं म्हणजे धरणाचं पाणी होतं, पण पाणी ते पाणी. पूर्ण फेरी बारा किलोमीटर. मला इतका आनंद झाला की मी नकाशाचं प्रिंट काढून आजींच्या पोस्टाच्या डब्यात टाकलं आणि वर लाल पेनने लिहिलं, "लीडर मी."

आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तिथे रेंज आहे का चेक केलंस? आणि आजींना पळवू नकोस. तुला ट्रेकला गेलं की काही सुचत नाही."

"पुण्यात आमचा ग्रुप होता," मी म्हटलं. "माझी वाट कधी चुकली नाही."

"तो पुण्यातला ग्रुप होता," तो म्हणाला आणि शिफ्टला गेला.

आजींना मी गाडीत मागच्या सीटवर बसवलं, दोघींनी मास्क लावले आणि चारही खिडक्या उघड्या ठेवल्या. जूनमधली थंडी, त्यात शंभरच्या स्पीडने वारा. कुडकुडत पोहोचलो, पण दोघीही हसत होतो. साडेअकराला चालायला लागलो. उंच गम ट्री, आपल्या निलगिरीची भावंडं; त्यांच्या सालीच्या लांब पट्ट्या खाली लोंबत होत्या. एक पक्षी हवेत चाबूक ओढल्यासारखी शीळ घालायचा आणि लांबून दुसरा त्याला उत्तर द्यायचा. एक वॉलबी, म्हणजे छोटं कांगारूच, वाटेत बसली होती. ती आमच्याकडे बघून दोन उड्यांत झाडीत गेली. तीन महिने घरात कोंडून घेतल्यावर पायाखाली माती आली की माणसाला काय होतं हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मी तर चक्क गात होते. आजी काठी टेकत, पण न थांबता चालत होत्या. त्यांचा दम माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला पहिल्या चढालाच कळलं. एका ओंडक्यावर बसून आम्ही खाल्लं. माझी थालीपिठं मी दगडावर ठेवून मागे सरकायचे, मग त्या पुढे येऊन घ्यायच्या. त्यांनी घरचा ब्रेड आणि भरपूर लोणी आणलं होतं, तेही असंच देवाणघेवाणीने खाल्लं.

त्यानंतर फाटा आला. पाटी नव्हती. मळलेली वाट उजवीकडे वळत होती, आणि डावीकडे एका फांदीला गुलाबी रिबीन बांधलेली होती. तिच्यापुढे आणखी एक, त्या दुसरीपुढे आणखी एक.

आता सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला रिबीन दिसली की वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या ग्रुपमध्ये पुढची मंडळी फांद्यांना रिबिनी बांधत जायची आणि सगळ्यात शेवटचा माणूस त्या सोडत यायचा. रिबीन म्हणजे वाट. ती पायवाटेपेक्षा खरी, कारण पायवाट गुरांनीही पाडलेली असू शकते.

"डावीकडे," मी म्हटलं.

आजी थबकल्या. "नकाशावर उजवीकडे होतं ना?"

"रिबीन आहे ना. कुणीतरी मार्किंग केलंय."

त्या लीडरच्या मागे निमूट आल्या. पाऊण तास आम्ही रिबिनींमागे जात राहिलो. वाट म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. घाणेरीची झुडपं अंगाला ओरबाडत होती. आपल्याकडच्या डोंगरात असते तीच घाणेरी, तसाच वास. इतक्या लांब ओळखीचं झुडूप भेटलं म्हणून मी तर खूशच झाले. शेवटची रिबीन एका ओघळीच्या काठावर होती आणि तिच्यापुढे कापून टाकलेल्या घाणेरीचा ढीग. रिबिनीवर मार्करने काहीतरी लिहिलं होतं. आजींनी चष्मा लावून वाचलं.

"लँटाना. फवारणी झाली." लँटाना म्हणजे माझी ती घाणेरीच. त्यांनी चष्मा काढला. "हे तण मारायचं काम करणाऱ्या लोकांचं आहे. कुठलं झुडूप मारलं ते कळावं म्हणून बांधतात."

म्हणजे पाऊण तास मी त्यांना एका तणापासून दुसऱ्या तणापर्यंत नेत होते. गर्वाचं घर खाली म्हणतात ते इतकं खाली असेल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं. मी सॉरी म्हणाले, पुन्हा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले.

आजींनी घड्याळ बघितलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "ती निघाली असेल आता," त्या एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

परत जाताना पुढे त्या होत्या. चढ होता, वाट नव्हती आणि त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाई जवळजवळ पळत होत्या. मी मागून धापा टाकत, काटे सोडवत, मिनिटं मोजत. दोन पस्तीसला फाटा. तीन दहाला जंगलातला शेवटचा चढ. खोटं कशाला सांगू, भीतीइतकीच मजाही वाटत होती. एवढ्या जिवाच्या आकांताने मी किती वर्षांत धावले नव्हते. झाडी संपली आणि समोर अख्खं तळं उघडं पडलं, निळंशार, पलीकडे टेकडी. मी ओरडले, "पोहोचलो." घड्याळात चारला तीन मिनिटं होती. माथा अजून वीस मिनिटं वर होता.

आजी टेकडीकडे बघत उभ्या राहिल्या. "थोडा उशिरा करा कॉल," मी म्हटलं. "वरून करा." त्यांनी मान हलवली. चारला फोन आला नाही तर ती घाबरेल, त्या म्हणाल्या. रेंजची एकच काडी होती. त्यांनी काठावरच्या दगडावर बसून फोन लावला.

पडद्यावर बहीण दिसली. लोकरी टोपी, लाल झालेलं नाक. पण तिच्यामागे आकाश नव्हतं, पाणी होतं.

"मी तळ्यापाशीच आहे गं," ती म्हणाली. "पुढे नाही जमलं. चार पावलं चढले आणि श्वास पुरेना. तू वर वाट बघत असशील म्हणून इथेच बसून राहिले. तुला कसं सांगू कळत नव्हतं."

 आजींनी फोन फिरवला आणि आमचं तळं तिला दाखवलं. "मी पण तळ्यापाशीच आहे," त्या म्हणाल्या. "मलाही नाही जमलं."

बहीण इतकी हसली की तिला खोकला आला. "तूही म्हातारी झालीस तर," ती म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. मग दहा मिनिटं दोघी बदकांवर, मेंढ्यांवर आणि कोणाचे गुडघे जास्त वाईट यावर बोलल्या. मी बाजूला उभी होते. चूक माझी होती, हे सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आजींनी हाताने मला थांबवलं.

फोन बंद झाला. उजेड अजून चांगला होता, परतीची वाट तळ्याकाठाने सपाट होती. "चला ना," मी म्हटलं. "वीस मिनिटांत वर. तुम्हाला तर सहज जमेल."

"माहीत आहे मला," आजी म्हणाल्या. त्यांनी बुटातली माती झटकली आणि टेकडीकडे पाठ करून बसल्या. "पण मी वर गेले, तर ती एकटीच खाली राहील."