पाहणे सुरू ठेवा

मुकादमांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कामावर होते तेव्हाही चारला, आणि निवृत्त झाल्यावरही चारलाच. फरक इतकाच, की पूर्वी ते चारला उठून इमारतींचे स्लॅब टाकायला जायचे आणि आता चारला उठून बाकीच्यांच्या उठण्याची वाट बघायचे. दुसरं काम जास्त दमवणारं होतं.

स्लॅबच्या कामाचा एकच कायदा. एकदा मिक्सर फिरायला लागला की शेवटचं घमेलं पडेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं तर जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये जोड राहतो, आणि त्या जोडातून पुढे वर्षानुवर्षं पाणी ठिबकतं. जेवण उभ्या उभ्या, तेही पाळीपाळीनं. कुणाचं लग्न असो, कुणाला ताप असो, स्लॅब पुरा झाल्यावर बघू. मुकादम हे इतक्या कडकपणे पाळायचे की गँगनं त्यांचं नाव ‘अखंड’ ठेवलं होतं. तोंडावर मुकादम, पाठीमागे अखंड. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

घरी त्याचा अर्थ वेगळा निघायचा. संध्याकाळ नावाची गोष्ट मुकादमांनी उभ्या नोकरीत घरात बसून पाहिली नव्हती. ते यायचे तेव्हा ताट झाकलेलं असायचं आणि बायको झोपलेली. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ते रात्री नऊला खुर्चीत येऊन बसले, तेव्हा तिनं विचारलं, “बरं नाही का वाटत?”

नऊला केबलवर तिची मालिका लागायची. अर्धा तास. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. मुकादमांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. ही कोण, तो हिचा कोण, मग ती का रडते? बायको एक डोळा पडद्यावर ठेवून सांगायची. आणि संपल्यावर, दिवा मालवेपर्यंत, उद्या काय होणार यावर दोघांची जुंपायची. मुकादमांचे अंदाज हमखास चुकायचे आणि ती हसून हसून बेजार व्हायची. हसताना बायको डोळे घट्ट मिटून घेते, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना तेव्हा कळलं.

केबल काढायचं मुलानं ठरवलं. चित्र सारखं तुटायचं, केबलवाला फोन उचलायचा नाही, आणि उचललाच तर “माणूस पाठवतो” म्हणायचा. तो माणूस कुणीच कधी पाहिला नव्हता. शेवटी मुलानं गच्चीवरून आलेली काळी वायर ओढून काढली, गुंडाळून टाकून दिली आणि टीव्हीच्या मागे काडेपेटीएवढं काहीतरी खोचलं.

“आता सगळं नेटवर. कधीही बघा, काहीही बघा, कितीही बघा.”

“नऊला लागेल ना?” बायकोनं विचारलं.

“आई, तू लावशील तेव्हा लागेल.”

“मग नऊलाच लावेन.”

तिची जुनी मालिका त्या काडेपेटीत नव्हती. तिनं दुसरी शोधली. एका लॉजची मालकीण आणि तिथे राहायला आलेला एक अबोल माणूस. तो तिचा लहानपणी हरवलेला भाऊ, की भाऊ म्हणून घुसलेला भामटा, असा सगळा घोळ. मालिका केव्हाच संपलेली, सगळे भाग ओळीनं मांडून ठेवलेले. पण बायकोचा नियम पक्का: रोज नऊला, एकच भाग. भागाचा आकडा लक्षात ठेवायची आणि यादीतून लावायची. दोन खुर्च्या जागच्या जागी राहिल्या.

बदलली ती पहाट. घर झोपलेलं असताना मुकादमांनी चहा केला, मुलाचे हेडफोन कानाला लावले आणि टीव्ही सुरू केला. पडद्यावर चित्रांची एक ओळ होती, वर लिहिलं होतं: ‘पाहणे सुरू ठेवा’. प्रत्येक चित्राखाली एक लाल रेघ. काही रेघा निम्म्या, काही पाऊण, एक तर नखभर. जरा वेळानं उलगडा झाला. कोणतं किती बघून झालं आणि कुठे सोडलं, त्याची ती खूण होती. मुलानं आळसानं अख्ख्या घराचं मिळून एकच खातं ठेवलेलं, त्यामुळे सगळ्यांचं अर्धवट काम एका ओळीत उघडं पडलं होतं.

मुकादमांच्या अंगाचा तिळपापड झाला. घर होतं की बंद पडलेली साइट? एकानंही हातातलं धड पुरं केलेलं नव्हतं. वर मालकानं ठळक अक्षरांत सूचना लावलीय, सुरू ठेवा म्हणून. तीही कुणी वाचलेली नाही.

त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले.

सुरुवात मुलाच्या खूनखराब्याच्या सिनेमापासून. त्याची रेघ जवळजवळ भरलेली होती, राहिली होती ती फक्त शेवटची नावं. ती त्यांनी सगळी वाचली, दिवे लावणाऱ्यांपासून चहा देणाऱ्यांपर्यंत. चित्र ओळीतून नाहीसं झालं. सपाट, एकसारख्या झालेल्या ओल्या स्लॅबकडे बघून व्हायचं तसं त्यांना बरं वाटलं. मग सुनेची परदेशी मालिका घेतली. भाषा कळेना, आणि खालची अक्षरं वाचून होण्याआधी पळायची. तरी घेतलेलं काम सोडलं नाही. पुढे पळवायचं बटण सापडलं होतं, पण त्याला हात लावला नाही. ते म्हणजे काँक्रीटमध्ये पाणी वाढवणं. काम लवकर उरकतं, माल कच्चा राहतो. नातीचं बदकाचं कार्टूनही असंच इमानदारीनं पुरं केलं. त्यातलं बदक नळदुरुस्ती करायचं. चुकीची करायचं, पण सांगणार कोणाला?

घर जागं व्हायच्या आत हेडफोन जागेवर. ओळ रोज आखूड होत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मुकादमांना जेवणाआधी भूक लागू लागली.

शेवटी ओळीत लॉज उरलं.

त्याला हात लावायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण आदल्या रात्री बायकोच्या बहिणीचा फोन आला आणि भाग शेवटाला जरासा राहिला. तेवढीशी भर घालून टाकू, मुकादमांनी ठरवलं. भाग संपला. पडद्यावर आलं: पुढचा भाग पाच सेकंदांत. चार. तीन. हात रिमोटवर होता, थांबवायचं बटण अंगठ्याखाली होतं. आयुष्यभर मिक्सर थांबू न देणारा तो अंगठा. तो हलला नाही. लॉजची मालकीण दार उघडायला गेली आणि मुकादम तिच्या मागोमाग आत शिरले.

आठवडा संपायच्या आत ते मागच्या दारानं बाहेरही पडले. शेवटच्या भागापर्यंत, एकही जोड न ठेवता.

रविवारी सून निवांत टीव्हीसमोर बसली.

“माझी मालिका कुठे गेली?”

“माझंही काहीच दिसत नाहीये,” मुलगा म्हणाला. “कुणीतरी खातं फोडलेलं दिसतंय. पासवर्ड बदलतो.”

मुकादमांनी पेपर बाजूला ठेवून घसा साफ केला. आता आपले आभार मानले जाणार, अशी त्यांची समजूत होती.

“गेलं नाही. संपवलंय.”

“कुणी?”

“मी. किती दिवस पडून होतं.”

सुनेनं रिमोट खाली ठेवला. “बाबा, संपवलं म्हणजे?”

“तुम्ही अर्ध्यावर टाकून उठलात, मी पुरं केलं.”

“अहो, मला बघायचं होतं ते! आता मी कुठपर्यंत आले होते, तेही आठवत नाही.”

“तो उंच पोरगा छत्री घेऊन स्टेशनवर उभा असतो ना, तिथपर्यंत. ती काही येत नाही पुढे.”

“बाबा!”

“यांना ओव्हरटाइम कुणी द्यायचा?” मुलाला हसू आवरेना.

“आजोबा, बदकाचं पण?” नातीनं विचारलं.

“बदकाचं पण. वॉशर उलटा बसवतंय ते.”

सगळे हसत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, ती तेवढी हसली नाही.

“अहो,” ती म्हणाली, “आपलं पण?”

मुकादमांनी मोठमोठ्या इंजिनिअरांना भर साइटवर उलटी उत्तरं दिली होती. इथे त्यांनी पेपर पुन्हा उचलला. तो उलटा होता.

“शेवटपर्यंत?”

“थांबताच येईना.”

“मी थांबते ना रोज,” ती म्हणाली आणि आत गेली.

नऊला दोघं बसले खरे. पडद्यावर तो अबोल माणूस जिना चढून आला आणि मुकादमांच्या तोंडून “हं” निघालं.

“काय हं?”

“काही नाही. घसा.”

“तुमचा घसा सगळं सांगून टाकतोय.”

दुसऱ्या दिवशी ते तोंडावर हात ठेवून बसले. तिनं मालिका थांबवली. “आता भुवया बोलतायत. जा तुम्ही, पडा. मी बघते एकटी.”

आत पडल्या पडल्या त्यांना मालिकेचं संगीत ऐकू आलं. मग टीव्ही बंद झाला, दिवा बंद झाला, आणि ती कुशीवर वळली. उद्याचं ज्याला ठाऊक आहे, त्याच्याशी वाद तरी काय घालायचा? मुकादम छताकडे बघत राहिले. नोकरीत गेलेल्या संध्याकाळी निदान कामापायी गेल्या होत्या. या त्यांनी घरात बसून, चहा पीत पीत घालवल्या होत्या. पगार तर नाहीच मिळाला, वर आपल्याच तोंडानं कबुली दिली होती.

“दुसरी काढू,” त्यांनी सकाळी सुचवलं. “नवीकोरी. दोघं पहिल्यापासून.”

“आणि लॉजचं?”

“दे सोडून अर्ध्यावर.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “कोण बोलतंय हे?”

मुकादमांनाही तोच प्रश्न पडला होता.

“तो भाऊ आहे की नाही, हे कळल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही,” ती म्हणाली.

“सांगू का?”

“खबरदार!”

मग त्यांनी दुसरी बाजू धरली. “अगं, मला आता काही आठवत नाही त्यातलं. या वयात कुठलं राहतंय डोक्यात.”

“असं? लॉजच्या मागच्या खोलीत काय असतं?”

“शिलाई मशीन,” मुकादम अभिमानानं म्हणाले.

बायकोनं दोन्ही कानांवर हात ठेवले. ती खोली अजून उघडायची होती.

त्या रात्री नऊला ती बसली, तेव्हा मुकादम स्वतःची खुर्ची उचलून तिच्या मागे, जरा उजवीकडे घेऊन आले. खुर्ची दोनदा सरकवली, लेव्हल बघितल्यासारखी मान वाकडी करून अंदाज घेतला आणि बसले.

“हे काय आणखी?”

“इथून तुला माझं तोंड दिसत नाही.”

“आणि तुम्हाला टीव्ही?”

“बघितलाय.”

“घसा?”

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. तिनं भाग लावला. उठा, असं काही म्हणाली नाही.

मागची खोली उघडली. शिलाई मशीन निघालं, आणि त्या अबोल माणसानं ते बघताक्षणी ओळखलं. बायकोनं मागे न बघता फक्त एक सुस्कारा टाकला; तो कुणासाठी होता हे मुकादमांना बरोबर समजलं. मग अबोल माणूस अंगणात गेला आणि कुत्र्याला बोलवायला त्यानं दोन बोटांनी शिट्टी घातली, मालकिणीच्या लहानपणी कुणीतरी घालायचं तशी. मुकादमांनी ही शिट्टी पहाटे ऐकली होती. तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष लाल रेघेकडे होतं आणि त्यांना वाटलं होतं, चला, हेही झालं.

आता त्यांच्यासमोर बायकोचा उजवा गाल होता, पडद्याच्या उजेडात निळसर. शिट्टी वाजली आणि मांडीवरची उशी तिनं दोन्ही हातांनी घट्ट आवळली. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत गेलं तरी तिनं पुसलं नाही. मुकादम रुमाल तोंडावर धरून बघत राहिले. आपण ही मालिका बघितलीच नाही, हे त्यांना कळून चुकलं. आपण नुसती रेघ भरली.

भाग संपला.

“भाऊच आहे!” ती सवयीनं म्हणाली आणि लगेच ओरडली, “नको, नको! सांगू नका काही!”

मुकादमांनी रुमाल काढला. “मला तर भामटाच वाटतो.”

ती गर्रकन वळली. “अहो, शिट्टी ऐकलीत ना?”

“शिट्टी काय, कुणीही घालतं. आमच्या गँगमध्ये सगळेच घालायचे.”

“ते मशीन मग? ते कसं ओळखलं त्यानं?”

“लागला असेल तर्क.”

“तुम्हाला ना, आयुष्यात एक अंदाज धड बांधता आला नाही!” म्हणत ती हसली. डोळे घट्ट मिटून.

दिवा मालवेपर्यंत वाद चालला. खरं काय ते माहीत असून मुकादम जीव तोडून भांडले. त्यांचं मत कोणत्या बाजूचं होतं, यावरून तिला काहीच काढता आलं नाही. चुकीच्या अंदाजांची एवढी पत त्यांनी आधीच कमावून ठेवली होती.

लॉज संपलं, बायकोनं दुसरी मालिका लावली. मुलानं पुढे प्रत्येकाचं वेगळं खातं करून दिलं. आजोबांच्या खात्यात एकही लाल रेघ नाही म्हणून नात त्यांना चिडवते. वर्ष संपत आलं तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, बंद करू या का हे? महाग झालंय आता. आणि तुम्ही तर बघतही नाही.”

मुकादमांनी आत जाऊन स्लॅबच्या कामातून साठवलेले पैसे आणले आणि पुढच्या वर्षाचे सगळे मुलाच्या हातावर ठेवले. त्या पैशांत जगातले हजारो सिनेमे आणि मालिका येतात, असं मुलानं सांगितलं. मुकादम त्यातलं काहीही बघत नाहीत. ते रोज नऊला खुर्ची मागे, जरा उजवीकडे सरकवून बसतात आणि अर्धा तास बायकोचा गाल बघतात.