अण्णांनी रेघ खाल्लेला ड्रॉवर

मी पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवतो. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी टर उडवणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

आमचे वडील, अण्णा, सुतार. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे उस्ताद हैदराबादला निघून गेले. जाताना आपली बारीक दातांची, पितळी पाठीची विलायती करवत अण्णांच्या हातात ठेवून म्हणाले, "लकीर नक्को खाना, बेटा." म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेरून कापायचं; रेघेवरून कापलं की करवतीच्या जाडीएवढं लाकूड कमी भरतं.

अण्णांनी आयुष्यात एकदाच रेघ खाल्ली, तीही स्वतःच्या लग्नाच्या कपाटात! ड्रॉवरची पुढची फळी किंचित आखूड झाली, ड्रॉवर कायमचा खडखडायला लागला. करवत त्यातच असायची आणि तंबाखूची चंचीही. पहाटे अण्णा चंची काढायचे आणि गारखेड्यातलं आमचं अख्खं घर जागं व्हायचं.

"उस्तादला काय तोंड दाखवू? औंदा नवी फळी बसवतोच," ते म्हणायचे.

"ऱ्हाऊ द्या ओ. कोण बघायलंय?" आई म्हणायची.

लोकांच्या कामातून सवड मिळाली नाही, मग नजर गेली. शेवटच्या आजारपणातही त्यांना तेवढंच लागून राहिलं होतं.

ते गेल्यावर आई रोज पहाटे तो ड्रॉवर ओढायची. खडखड ऐकायची आणि मगच चहा ठेवायची.

मग खंडेनवमी आली. पूजेसाठी करवत काढायला आईनं ड्रॉवर ओढला तर... आवाजच नाही! दोन्ही बाजूंनी नीट, घट्ट बसलेला. फळी तीच, माझ्या लहानपणीचा शाईचा डागही जागेवर. कुठं जोड नाही, भुसा नाही. करवत फडक्यात गुंडाळलेली, होती तशीच गंजलेली. आदल्या पहाटेपर्यंत तो खडखडत होता, मी स्वतः ऐकलंय.

पावसाळी हवेनं लाकूड फुगलं असेल, मी म्हटलं. पण आपल्याकडचा मे महिनाही कोरडाठक गेला, ड्रॉवर तसाच. वैजापूरहून चुलतभाऊ आला, तोही सुतार. बराच वेळ फळीवरून बोटं फिरवत बसला.

"करवत लाकूड कमी करती, भाऊ. वाढवत नाय," एवढंच बोलला.

अण्णांच्या मनातली बोच गेली असेल तर बरंच झालं म्हणायचं... पण आईचं वाईट वाटतं. ती आजही पहाटे ड्रॉवर ओढते, कान देते आणि परत लोटते. परवा मी झोपलोय असं समजून कपाटाशी पुटपुटत होती,

"कशाला नीट केलात ओ? तेवढंच तर राहिलं होतं तुमचं."