आजाचं नाक कुणाकडे?

आमचा आजा वारल्यावर पंचेचाळीसेक वर्षांनी आम्ही त्याचा चेहरा गोळा करायला घेतला.

कल्पना माझी. मी नुकताच बी. ए. होऊन रत्नागिरीला परतलो होतो. (आमच्या सात पिढ्यांत पहिलाच. कुणी विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तरी सांगतो.) मुंबईला मित्रांच्या घरी भिंतीवर आजोबा टांगलेले असत. आमच्या भिंतीवर मासळीचं जाळं! आमचा आजा मालवाहू मचव्यावरचा नामांकित तांडेल, म्हणजे कप्तानच, पण त्याचा एकही फोटो नव्हता. वडील त्या वेळी नुकते चालायला लागले होते आणि पांडूकाका रांगत होते. थोरली गंगाआत्या म्हणाली, "मला त्यांचे पाय आठवतात बाबा. मी तेवढीच उंच होते."

एका चित्रकार मास्तरांना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, "माणूस जातो, तोंड जात नाही. ते पोराबाळांत वाटून गेलेलं असतं. आपण वेचून घेऊ."

मला हे फार पटलं. शिकलेल्या माणसाला काहीही पटतं!

मास्तर आले, बोटांची चौकट करून एकेकाला बघू लागले आणि म्हणाले, "आजोबांचं नाक तुमच्या वडिलांकडे आलेलं दिसतंय." झालं! पांडूकाकांचे डोळे बारीक झाले. मचवा दोघा भावांचा, पण सुकाणू वडिलांच्या हाती आणि मालाची चढउतार काकांच्या डोक्यावर, हे काकांना आधीच खुपत होतं.

"सदा, हे मचव्यासाठी चाललंय ना?" त्यांनी मला माडाखाली गाठलं.

"कसलं मचव्यासाठी? तसबीर आहे ती!"

"व्हय, आज तसबीर. उद्या म्हणशील, बापसाचं नाक दादाला, म्हणून सुकाणूही दादाला आणि मचवाही दादाला! शिकलाहेस ना, तसबीर घेऊन कोर्टात उभा राहशील."

दुसऱ्या दिवशी काका मास्तरांसमोर बसले ते नाकाला उपरणं गुंडाळून! "सर्दी झालीय," म्हणाले. "हनुवटी तेवढी काढा, नाक मिळणार नाही." ते पाहून वडिलांनी पागोटं कानांवर ओढलं. आत्या तर मास्तरांच्या पाठीशीच ठाण मांडून बसली. "डोळे माझे घेताय ते ठीक, पण बारीक का काढलेत? माझे काय असे आहेत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

संशय मलाही आला. मास्तरांनी सगळ्यांचं काही ना काही घेतलं, माझं मात्र काहीच नाही! "माझं कपाळ?" मी सुचवलं. "छे, तुमच्यात त्यांचं काही दिसत नाही," ते म्हणाले. काकांकडून मास्तरांकडे सुरमई गेल्याची पक्की बातमी होती. (आमच्याकडूनही गेली होती, पण ती आदर म्हणून.)

शेवटी समतोल साधायला मास्तरांनी नाक काकांचं लावलं. त्यासरशी वडिलांनी सुकाणू सोडलं! "ज्याचं नाक, त्याने न्यावा मचवा!"

"नेतोच!" काका म्हणाले. "नाहीतर विकून टाकू आणि वेगळे होऊ!"

आगोट तोंडावर आलेली, पाऊस कधीही सुरू होणार. बाकीचे लोक शेवटची खेप करून मचवे किनाऱ्यावर ओढायच्या घाईत, आणि आमचा मचवा दाभोळला न्यायची कौलं पोटात घेऊन खाडीत नुसता डुलतोय! दोघे भाऊ एकमेकांवर नजर ठेवून ओसरीच्या दोन टोकांना बसलेले. एका नाकापायी घर फुटायची वेळ आली.

आता निवाडा करणारं एकच माणूस उरलं होतं, आजाची धाकटी बहीण, सोनीआजी. मी स्वतः आंजर्ल्याला जाऊन तिला घेऊन आलो. तसबीर तिच्यासमोर धरली. आजीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि तिला रडूच फुटलं.

"अगो बाय! ही तर आमची आवस, आमची आई! पण तिला मिशी कुणी लावली रे मेल्यांनो?"

मास्तर ब्रश आवरू लागले.

"मग... आमचे बाबा कसे होते?" काकांनी घाबरत विचारलं.

"भाऊ? तो आवशीवर नाय, बापसावर गेलेला. मान लांब, कान बाहेर, आणि बोलताना नाकपुड्या फुगवायचा. हा बघ, अस्साच!" आणि तिने बोट माझ्याकडे केलं!

माझ्या नाकपुड्या फुगल्या. वडील आणि काका कित्येक दिवसांनी शेजारी शेजारी आले, आणि दोघेही माझ्याकडे एकाच संशयाने बघू लागले.

"बघितलंस दादा? मचवा हाच घेणार!"

"म्हणून आणली वाटतं आजीला!"

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, आता ह्यांना आजाच्या सुकाणूचं सांग."

"सुकाणू? कसलं सुकाणू! त्याने धरलं की मचवा वाळूत! आमच्याच खाडीच्या तोंडाशी दोनदा रुतवलान. मग खलाशीच धरायचे सुकाणू. हा आपला पुढे नाळेच्या टोकावर उभा राहून हात दाखवायचा. लोकांना वाटे, काय तांडेल आहे!"

आधी काका हसले, मग वडील. आत्या तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. "चल पांडू, भरती लागलीय," वडील म्हणाले. "आज तू धर सुकाणू. येताना मी धरीन." आणि दोघे खाडीकडे चालूही लागले.

मीही मागोमाग धावलो. फळीवर पाय ठेवणार, तोच दोघे एका सुरात ओरडले, "तू नको! तू हात दाखव, पण बंदरावरूनच!"

मी उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि माझ्या मते दाभोळ होतं त्या दिशेने रुबाबात हात केला. मचवा बरोब्बर उलट्या बाजूला वळला, आणि दाभोळला सुखरूप पोचला.