कोंडा मागणारी कमलअक्का

माझी थोरली जाऊ कमलम्मा घरातली कुठलीच गोष्ट वाया जाऊ द्यायची नाही, आणि त्या नादात आम्हा सगळ्यांचा जीव खायची. ज्वारीचं पीठ चाळलं की चाळणीतला कोंडा तिला पाहिजे. तूर भरडली की खाली उरलेली चुनी तिची. भाजीचे देठ, टरबुजाची साल, भाकरीचा करपलेला पापुद्रा, सगळं तिच्या गाईच्या आंबोणाच्या घमेल्यात जायचं. मी नवी नवरी होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात कोंडा उकिरड्यावर टाकला, तर तिनं मला असं फैलावर घेतलं की सासू नसल्याची उणीव काही भासली नाही. गाव तिला अक्का म्हणायचं. मीही तेच म्हणायचे, फक्त मनात त्याच्या पुढंमागं बरंच काही असायचं.

ही गोष्ट लातूर जिल्हा नवा नवा होता तेव्हाची. आमचं गाव जळकोटच्या जवळ. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावात पेढे वाटले होते. भावजी, म्हणजे अक्काचे मालक ईश्वरप्पा, घराच्या पुढच्या अंगाला दुकान चालवायचे. ते गिऱ्हाइकाला सांगायचे की आता कचेरी जवळ आली, आता सगळं सुधारणार. सुधारलं काय, तर पावसानं लागोपाठ दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. कचेरीला त्याचा पत्ता कुणी कळवला नसावा. होळीपर्यंत गल्लीतला कडबा संपला आणि लोक जनावरं छावणीत नाहीतर हाळीच्या बाजारात न्यायला लागले.

आमच्याकडं एकच गाय होती. अंगानं दुधासारखी, तोंडानं काळीशार. देवणी जातीत अशा रंगाला वानेरा म्हणतात, म्हणून तिचं नाव वानेरी. अक्काच्या माहेरनं ती वासरू असताना दिलेली. मधे दोन वर्षं भाकड राहिली आणि नेमकी दुष्काळात गाभण झाली. या गाईला कधी काय सुचेल त्याचा नेम नव्हता, आणि त्या बाबतीत ती मालकिणीवर गेली होती.

शिवप्पा नावाचा हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, दारात आला तेव्हा भावजींनी त्याला शब्द देऊन टाकला. "कारहुणवी होऊ दे. मंग घेऊन जा."

कारहुणवी म्हणजे आमच्या सीमेकडचा पोळा. दुसरीकडं तो श्रावण सरताना होतो, आमच्याकडं ज्येष्ठाच्या पुनवेला. बसवण्णाच्या, म्हणजे बैलाच्या, सणाआधी जनावर दावणीतून सोडायचं नाही, एवढा धर्म भावजींनी पाळला.

अक्का आतून बाहेर आली. "गाभन हाय ती. गाभन गाय इकायची न्हाई."

"मंग घालतीस काय तिला? दुकानातली पोती?"

"तुमच्या दुकानाला हात लावनार न्हाई. मी बगते."

भावजी हसले. गावात कुणाकडंच काही नव्हतं, ही काय बघणार? पण सणाला तीन महिने होते, आणि तोवर गाय धडधाकट उभी राहिली तर नवऱ्याचं मन वळेल, असा अक्काचा हिशेब होता. वळलं नाही तर वानेरी हाळीच्या बाजारातून कुठं गेली असती, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी बाजारात गाई पाळायला कोण घेत होतं?

आमच्या गल्लीत दर सोमवारी जंगम स्वामी भिक्षेला यायचे. दारोदार बायका झोळीत पीठ वाढायच्या, पाया पडायच्या. पुढच्या सोमवारी स्वामी एक दार सोडून पुढं गेले की मागनं आमची अक्का टोपली घेऊन उभी. "स्वामीला पीठ वाढलंस न्हवं? मंग चाळनीतला कोंडा मला वाढ."

मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. गावातल्या दुकानदाराची बायको, कपाळाला ईभूत, गळ्यात लिंग, आणि मागते काय तर कोंडा. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग कोंडा वाढायला लागल्या. कारण नाही म्हणावं तर अक्का दारातनं हलायची नाही.

भावजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं वाढलेलं जेवायचे मात्र. लाज एवढी वाटली तरी भाकरीवर राग काढला नाही. काही पाहिजे असलं तर मला सांगायचे, "रत्ना, तिला म्हनावं मीठ दे." ती समोरच बसलेली असायची.

आमचे मालक उदगीरच्या डाळमिलमध्ये मुकादम होते. ते शनिवारी येताना तुरीची चुनी आणि फोलकटं आणायचे. माझ्या माहेरी, हदगावला, कापूस चांगला. तिथनं माझ्या भावानं सरकीच्या पेंडीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून नांदेडमार्गे पाठवलं. मला वाटलं, आता तरी अक्का चार शब्द गोड बोलेल. तिनं पोत्याचं तोंड सोडून पेंडीचा वास घेतला आणि म्हणाली, "येकच पाठवलं व्हय?"

पण तिचं काम बघत बसावं असं होतं, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. चुनी ती कधी कोरडी घालायची नाही. सकाळी भिजत टाकायची, फुगली की त्यात कोंडा कालवायची, वर मिठाचा खडा. आणि त्याच्या आधी गाईच्या पोटात पाला गेलाच पाहिजे. न्हाणीच्या पाण्यावर तिनं शेवरी लावली होती, कडंनं लसूणघासाचे दोन वाफे. त्या पाण्यासाठी ती आम्हाला न्हाणीतच आंघोळ करायला लावायची, नदीवर गेलं तर भांडायची. नदीला तरी कुठं पाणी होतं म्हणा. मी विचारलं, की चुनी आहे तर पाल्याची एवढी कटकट कशाला? तर म्हणाली, "नुसत्या दान्यानं ढोर फुगून मरतंय. पोटात आदी चघळायला पायजे."

हळूहळू गल्लीचं हसू सरलं. बायका कोंडा डब्यात साठवून ठेवायला लागल्या. शेजारची तुळजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती येताना रस्त्याकडच्या बाभळीच्या शेंगा ओच्यात भरून आणायची. तिची स्वतःची दोन्ही बैलं छावणीत होती. शेंगा टोपलीत ओतून ती वानेरीच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, आणि मग घरी जाऊन चूल पेटवायची. वैशाख सरला तरी वानेरीच्या बरगड्या दिसत नव्हत्या. पोट खाली उतरायला लागलं होतं. अक्का कुणी ऐकत नसताना एकटीच गाणं म्हणायची, म्हणजे गाडी रुळावर होती.

कारहुणवी आली.

आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या त्याच्या बैलाला ज्यानं त्यानं आपल्या हातानं नैवेद्य भरवायचा, ही रीत. घुगऱ्या, पुरणाची पोळी, गूळ घालून शिजवलेली ज्वारी. घरात नसलं तर उसनं आणायचं, पण बसवण्णाला उपाशी ठेवायचं नाही. त्या वर्षी अख्ख्या गल्लीत बैल उरला नव्हता. दावणी रिकाम्या. उरली होती एक वानेरी.

सकाळी पहिल्यांदा तुळजाबाई वाटी घेऊन आली. "माजी बैलं छावणीत हायत, अक्का. हिच्या मुखात घालते, त्येंला पोचंल." मग समोरची चांगुणा. मग तिच्या पलीकडची. बारा वाजेपर्यंत गोठ्यापुढं रांग लागली. शिंगांना तांबडी हुरमुंज लावली, गळ्यात माळा घातल्या, आणि जी ती म्हणायची की माझा एकच घास. मीही पुरणपोळी घातली. सगळी गल्ली घालते आणि घरची सून मागं राहते, असं कसं चालेल?

अक्का आधी म्हणत होती, "जरा जरा घाला, माय." ती तोंडाची इतकी फटकळ, पण त्या दिवशी तिला बोलता येईना. याच बायकांनी तीन महिने तिच्या टोपलीत कोंडा टाकला होता. त्यांच्या सणाच्या घासाला ती कोणत्या तोंडानं नको म्हणणार होती?

दुपार कलली आणि वानेरीनं रवंथ थांबवला. डावी कूस ढोलासारखी टम्म फुगली. गाय उठायची, बसायची, पुन्हा उठायची, दात करकरा वाजवायची. अक्कानं तिला चढावर पुढचे पाय येतील अशी उभी केली. तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे चावत राहील आणि वारं सुटेल. मी गोड्या तेलात सोडा कालवून आणला, तो नळीनं पाजला. दोघी मिळून कूस चोळत राहिलो. बायका दाराशी जमल्या होत्या. प्रत्येकीला आपापली वाटी आठवत होती.

ढोरांचे डॉक्टर छावणीवरून दिवेलागणीला आले. इंजेक्शन दिलं, कुशीला कान लावला. अक्काचं केलेलं बरोबर होतं म्हणाले. "आता दाणा बंद, चुनी बंद. ओला पालाही नको. वाळलेली वैरण घाला. सकाळपर्यंत रवंथ धरला तर गाय वाचली. पोटातल्याचं मात्र आज सांगता येत नाही."

वाळलेली वैरण. गावात वैरणीची काडी नव्हती. तुळजाबाई तिच्या गवती छपराकडं बघायला लागली, तर ते बुरशीनं काळं पडलेलं. अक्का गाईच्या मानेला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली, आणि मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. हिनं असं हात टेकून उभं राहायचं नसतं.

तेवढ्यात दुकानातून खोकी फोडल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, भावजी संतापले. मी पळत गेले. सणासुदीला म्हणून भावजींनी नांदेडहून कपबशा आणि चिनी मातीच्या बरण्या मागवल्या होत्या. त्या फुटू नयेत म्हणून खोक्यात साळीचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, गच्च भरून येतं. भावजी कपबशा उघड्या फरशीवर मांडत होते, मांडत कसले, टाकत होते, आणि तणस उपसून धोतराच्या सोग्यात गोळा करत होते. मग कंदिलासमोर बसून मूठमूठ झाडायला लागले. ठिकरीचा कण पोटात जायला नको म्हणून. मीही बसले झाडायला.

सगळं झाडून झाल्यावर त्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि पुढच्या दारानं, सगळ्या बायकांसमोरून, गोठ्यात आले. टोपीवर, मिशीवर काड्याच काड्या.

"घाल," ते अक्काला म्हणाले. होळीनंतर तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. उजाडता उजाडता वानेरीचा जबडा हलला. एकदा इकडं, एकदा तिकडं. अक्का हळूच म्हणाली, "रवंथ करायली." दाराशी तुळजाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिला उठवायला गेलेली चांगुणाही रडायला लागली. त्या सकाळी आमच्या गोठ्यात इतक्या बायका रडत होत्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, गाय गेलीच.

तिसऱ्या दिवशी शिवप्पा दावं घेऊन हजर. वानेरी थकलेली होती, पण उभी होती.

"अप्पा, सन झाला. न्यायला आलो."

आमचे भावजी दिल्या शब्दाला किती जपायचे ते सांगते. एकदा चुकून कमी भावात साखर सांगितली, तर त्या भावात दिली आणि महिनाभर चरफडत बसले. म्हणून आम्ही दोघी आत चुलीशी कान लावून बसलो.

भावजींनी तराजू पुसला. पुन्हा पुसला. "शब्द दिल्ता खरा. पर गाय माजी हाय समजून दिल्ता."

"मंग कुनाची हाय?"

"ह्या गल्लीच्या येकेका घरचा कोंडा हाय तिच्या पोटात. दारोदार इचारत जा. समदे हाव म्हनले तर ने."

शिवप्पाही हट्टी. तो खरंच विचारायला गेला. पहिलंच दार तुळजाबाईचं लागलं. ती त्याला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यानं दुसरं दार विचारलं नाही.

अक्का चुलीपाशी बसून राहिली. भाकरी करपली, तिच्या लक्षात आलं नाही. मी उलथली.

श्रावणात वानेरी व्याली. कालवड झाली, चांगली ठणठणीत, तोंड आईसारखंच काळं. डॉक्टर येऊन बघून गेले, आणि हसून गेले. पहिल्या चिकाचा खरवस अक्कानं गल्लीत घरोघर पोचवला आणि आमच्यासाठी उरली एक वाटी. जेवायला सगळे बसलो होतो. तिनं वाटी भावजींच्या ताटाशी ठेवली. त्यांनी ती उचलली, अक्काच्या ताटात पालथी केली, आणि म्हणाले, "तू खा आधी, कमल."

आमच्या घरात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती, वाढलेलं तर बघितलंच नव्हतं. अक्कानं मान खाली घातली आणि खरवसावर डोळ्यांतलं पाणी पडलं तसाच तो खाल्ला. मला हसू आलं आणि रडूही आलं, तर दोघंही एकदमच माझ्यावर खेकसले.