जीप आधी वाडीवर

तो गुन्हा किरकोळ होता, तरी नोकरीतला तोच मला सर्वांत जास्त आठवतो. कशेळ्याच्या पुढे एका फार्महाऊसवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. तिथल्या राखणदाराने ठाण्यात येऊन खबर दिली आणि जाता जाता हळूच एक नावही सांगितलं. डोंगराकडच्या आदिवासी वाडीतला तिशीतला मजूर.

आमची पद्धत ठरलेली होती. चोरी झाली की जीप आधी वाडीवर. पंचनामा मागाहून.

आम्ही पोचलो तेव्हा तो मजूर धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसला होता, शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी. पळायच्या तयारीत सापडला, अशी नोंद मी केली.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला. मोटर आपण पाहिलेलीही नाही. सोमवारी रसायनीच्या एका कारखान्यात माळीकामावर हजर व्हायचंय आणि त्यासाठी आमच्याच ठाण्याचा चारित्र्याचा दाखला हवाय. मी त्याला हात लावला नाही. मारझोड न करणारा अधिकारी, असा मला स्वतःचा अभिमान होता. शेवटी विचारलं, "निघाला कुठं होतास रं?"

"कुठं नाय साहेब. बाजारात चोरीचं ऐकलं. म्हटलं, आता जीप येल. मागल्या टायमाला दिवसभर उपाशी बसवलंत, म्हनून भाकरी बांधली."

हवालदार म्हणाला, "जावईच हाय आपला, डबा घेऊन येतो." बाकीचे हसले. मला हसता आलं नाही. हा माणूस पळणार नव्हता, माझी वाट बघत बसला होता.

मग मी पहिल्यांदा जागेवर गेलो. पंपघराचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकट्या राखणदाराकडे. त्याला मी तोवर एकही प्रश्न विचारला नव्हता. तासाभरात तो कबूल झाला. मोटर चौक गावातल्या एका गॅरेजमध्ये मिळाली.

"त्याचंच नाव का घेतलंस?"

"तुमी चोरी झाली की तिकडंच जाता साहेब. मंग दुसरं नाव कशाला घेऊ?"

शिवी दिली असती तर बरं, असं वाटलं. माझा पूर्वग्रह त्याला माझ्याआधी कळला होता, आणि त्याने तो हत्यारासारखा वापरला.

मजुराला सोडलं. सोमवारच्या आत दाखला हातात दिला आणि सगळ्या स्टाफसमोर त्याची माफी मागितली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. दारात थांबून म्हणाला, "गेल्या साली माज्या भावाला बी असाच नेलात. त्याला शिक्षा झाली. तवा टीप कुनाची व्हती, ते इचारलंवतं का?"

मी ती फाईल मागवली. टीप देणाऱ्याची चौकशी कुठेच नव्हती. तपास अधिकारी म्हणून सही माझी. मी वरिष्ठांना लेखी कळवलं, पण भाऊ तोवर शिक्षा भोगून घरी आला होता.

त्याने ती चोरी केली होती की नाही, मला आजही माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. फक्त तेव्हा मला खात्री होती.